पाठदुखीची गोळी बदलताना: नाव नवं, औषध जुनंच?

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला जोर येतो आणि दिवसभर वाकून काम करणाऱ्यांची कंबर धरते. एका गोळीने गुण आला नाही की दुसरी, तिनेही नाही आला की तालुक्याच्या मेडिकलमधून तिसरी. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की त्याला जुनाट म्हणतात. तोवर घरातल्या डब्यात चार-पाच प्रकारच्या गोळ्या जमलेल्या असतात.

पण गोळी बदलली म्हणजे औषध बदललं का?

बरेचदा नाही. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. एसिक्लोफिनॅकचा काही भाग तर शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतो. त्यामुळे सकाळी एका ब्रँडची आणि रात्री दुसऱ्याची गोळी घेतली, तर दुखणं दुपटीने कमी होत नाही. पोटात अल्सर, रक्तस्राव आणि किडनीला इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. दवाखान्यात टोचलेलं इंजेक्शनही अनेकदा डायक्लोफिनॅकचंच असतं, पण गोळ्या मोजताना ते कुणी मोजत नाही.

या घराण्यातलं एक औषध लागू पडलं नाही तर दुसरं पडू शकतं, म्हणून डॉक्टर बदल करतातही. पण मग पहिलं बंद करावं लागतं. आयबुप्रोफेनचा अंमल काही तासांत उतरतो, तर पायरॉक्सिकॅम शरीरातून जायला कित्येक दिवस लागतात. एटोरिकॉक्सिब पोटाला तुलनेने सौम्य, पण बीपी ताब्यात नसेल तर ते घ्यायचं नसतं.

किडनीचा मुद्दा यवतमाळमध्ये जास्त महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांजवळ जातो. घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं, बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी सुरू आणि वर ही वेदनाशामकं, अशा स्थितीत किडनी अचानक काम थांबवू शकते. शिवाय जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्यातली कमाल मर्यादा. त्याहून बरंच जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर पाठीचा कणा ताठ होऊन दुखू लागतो. हे फ्लोराइड शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनीचंच! अशा गावातल्या रुग्णाने पाणी कुठलं पितो हेही डॉक्टरांना सांगायला हवं.

दुखणं कमरेतून पायात उतरत असेल तर प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन दिलं जातं. सायटिकावर प्रीगॅबालिनची २०१७ साली मोठी चाचणी झाली. त्यात ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरीही महिनोन्महिने सुरू असेल तर ते एका दिवसात सोडायचं नसतं. मात्रा हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर घाम, झोप उडणं, बेचैनी सुरू होते.

ट्रॅमाडॉलचं प्रकरण आणखी नाजूक. हे अफूच्या जातीचं औषध २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. सवय लागते, अचानक बंद केलं तर त्रास होतो आणि फिट येण्याचाही धोका असतो. नैराश्यावरच्या आणि जुनाट दुखण्यावरही दिल्या जाणाऱ्या ड्युलोक्सेटिनसारख्या औषधाबरोबर ते घेतलं, तर दोन्ही मिळून घातक ठरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी अफूजन्य औषधं नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असं सांगितलं. व्यायामाचा मात्र त्याच शिफारशींत समावेश आहे.

खरी अडचण येते ती कागदाच्या पुडीतल्या सुट्या गोळ्यांची. त्यावर नावच नसतं, मग पुढचा डॉक्टर काय बंद करणार? पाकिटावर ब्रँडच्या जवळ औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं. तेच वाचायचं, आणि नव्या डॉक्टरकडे जाताना रिकामी पाकिटंही सोबत न्यायची. मधुमेहाची, बीपीची, रक्त पातळ करणारी, सगळी.

काळी शौच, पायावर सूज किंवा लघवी कमी झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. लघवी अडणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं अशी लक्षणं दिसली, तर गोळी बदलत न बसता थेट यवतमाळचं शासकीय रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं. पाठदुखीसोबत ताप आणि वजन घटत असेल, तर मणक्याच्या टीबीची तपासणी करून घ्यावी लागते.