देवमाशाचा दात आणि इतिहासाचा पुरावा

साकोलीत बसून देवमाशावर बोलायचं, आणि समुद्र तर इथून शेकडो किलोमीटर दूर! पण बाजारात बैल घेताना आपण काय करतो? विकणारा सांगेल ते वय ऐकून घेतो आणि मग बैलाचं तोंड उघडून दात बघतो. दोनदाती की चारदाती हे कळल्यावरच भाव ठरतो. इतिहासाच्या साधनांचंही तसंच आहे.

आधी कागद पाहू. पूर्वी किती देवमासे होते, याचा अंदाज बराचसा शिकारीच्या नोंदींवरून काढला जातो. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात दोनशेहून अधिक हंपबॅक देवमासे बेकायदेशीरपणे मारले आणि ते लपवून ठेवलं. खरे आकडे १९९० च्या दशकात बाहेर आले. तोवर अभ्यासक खोट्या वहीवरच हिशेब करत होते.

मग पुरावा प्राण्याच्या अंगातच शोधावा लागतो. हंपबॅकला दात नसतात. पण उत्तरेच्या थंड समुद्रातल्या पांढऱ्या बेलुगाला असतात. तिच्या दातात, सागाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे, थर वाढत जातात. प्रश्न एवढाच की वर्षाला थर किती? बरीच वर्षं अभ्यासक दोन धरत आले.

याचं उत्तर मिळालं अणुबॉम्बमुळे. १९५० आणि ६० च्या दशकांत हवेत झालेल्या चाचण्यांनी कार्बन-१४ वाढला. तो समुद्रात उतरला, तिथून अन्नातून प्राण्यांच्या दातांत गेला. दाताचा एकदा बनलेला थर पुढे फारसा बदलत नाही. त्यामुळे हा कार्बन ज्या थरांत वाढू लागलेला दिसतो, त्यांचा काळ कळतो. तिथून पुढचे थर मोजायचे. कॅनडातल्या संशोधकांनी २००६ साली यावरून दाखवून दिलं की वर्षाला थर एकच असतो.

म्हणजे वीस वर्षांची समजलेली बेलुगा प्रत्यक्षात चाळीसची निघाली! ती वयातही उशिरा येते, आणि शिकारीने पडलेली तूट भरायला जास्त काळ लागतो. किती शिकार झेपेल, हा हिशेबच बदलतो.

वही खोटी असू शकते, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे दात खरा होता, तो वाचणारे चुकले. म्हणून ताम्रपट असो, सातबारा असो की दात, दुसऱ्या स्वतंत्र साक्षीदाराला विचारल्याशिवाय आपण निकाल देऊ नये.