हॅरीनं वाक्य उलटं करून पाहिलं

१९६८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या. पोलीस आत शिरले, शेकडोंना अटक झाली. मॅथ्यू लिपमन तेव्हा तिथे तर्कशास्त्र शिकवत होते. दोन्ही बाजूंना नीट वादही घालता येत नाही, हे त्यांना खुपलं. विचार करायला कॉलेजात शिकवणं म्हणजे फार उशीर, असं त्यांचं मत झालं.

मग त्यांनी मुलांसाठी कादंबरीच लिहिली. नायक हॅरी स्टॉटलमायर. नाव भरभर म्हणून बघा, आत ॲरिस्टॉटल सापडेल!

वर्गात हॅरीचं लक्ष नसतं. शिक्षक विचारतात, लांब शेपटीचं, सूर्याभोवती फिरणारं ते काय? सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात एवढं त्याला आठवतं, म्हणून तो ‘ग्रह’ म्हणतो. उत्तर असतं धूमकेतू. वर्ग हसतो. हॅरी मात्र चूक कुठे झाली ते शोधत बसतो. सगळ्या चिमण्या पक्षी असतात, पण सगळे पक्षी चिमण्या नसतात, तसंच हे. खरं वाक्य उलटलं की खोटं होतं, असा नियम तो बनवतो. लिसा तो लगेच मोडते. ‘एकही मांजर कुत्रा नसतं’ हे उलटलं तरी खरंच राहतं, अशा धर्तीचं उदाहरण ती देते.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की नियम मुलंच शोधतात आणि मुलंच दुरुस्त करतात.

१९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला लिपमन यांनी यासाठी संस्था काढली. ॲन मार्गारेट शार्प त्यांच्या सहकारी. मुलं गोल बसून गोष्ट वाचतात, स्वतःचे प्रश्न फळ्यावर लिहवून घेतात, एक निवडून बोलतात. शिक्षक उत्तर देत नाहीत. ‘असं का वाटतं?’ एवढंच विचारत राहतात.

याचा उपयोग काय? इंग्लंडमध्ये ४८ शाळांतल्या चाचणीचा अहवाल २०१५ साली आला. वाचन-गणितात साधारण दोन महिन्यांची जादा प्रगती दिसली. पुढच्या, बऱ्याच मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही.

मला त्यानं निराश व्हायला होत नाही. लिपमन यांची सुरुवात मार्कांसाठी नव्हतीच. ‘पकडलेले सगळे चोर अमुक गावचे’ हे वाक्य तुमच्या फोनवर येईपर्यंत ‘अमुक गावचे सगळे चोर’ झालेलं असतं. ते पुढे ढकलण्याआधी एखादी लिसा मध्ये बोलायला हवी. ती दहाव्या वर्षीच तयार होऊ शकते, वर्गानं तिला गप्प बसवलं नाही तर.