खर्जाचे धनी

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉइट आणि ॲन आर्बर ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे ४० मैलांवर वसलेली आहेत. पहिले मोटारींच्या कारखान्यांचे, दुसरे विद्यापीठाचे. पहिल्या शहरातील काही वादकांचे एक जुने देणे दुसऱ्या शहरातील काही विद्यार्थ्यांनी निराळ्याच रीतीने फेडू पाहिले. त्याची ही हकीकत आहे.

बेरी गॉर्डी याने १९५९ साली डेट्रॉइटमध्ये सुरू केलेला ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय पुढे ‘मोटाऊन’ या नावाने जगभर गाजला. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरील एका साध्या घराला लागून असलेली एक लहानशी खोली म्हणजे त्याचे ध्वनिमुद्रणगृह. ‘सुप्रीम्स’, ‘टेम्पटेशन्स’, मार्विन गे अशा गायकांची गीते तेथे मुद्रित झाली आणि त्यांची नावे घरोघर पोहोचली. परंतु त्या सर्वांमागे साथ करणारा वादकांचा संच मात्र बहुतेक एकच होता. आपापसांत त्यांना ‘फंक ब्रदर्स’ म्हणत. कामाचा मेहनताना त्यांना मिळे. विक्रीतला वाटा मिळत नसे, आणि मुद्रिकेच्या वेष्टनावर नावही नसे. दिवसा ते परक्याच्या नावाने वाजवीत आणि रात्री शहरातील लहानमोठ्या क्लबांत स्वतःच्या आनंदासाठी वाजवीत. त्यांची खरी ओळख अशी काय ती या क्लबांतच होती.

त्यांतील जेम्स जेमर्सन हा बेस गिटारचा वादक. हे वाद्य खर्जाचे. ऐकणाऱ्याचे लक्ष सहसा गायकाकडे असते, खर्जाकडे नसते. पण खर्ज काढून घेतला तर गाणे पायाखालची जमीन सरकल्यासारखे डळमळते. जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडी आणि तारा सहसा बदलीतही नसे. त्या एका बोटातून त्याने खर्जाला स्वतंत्र बोलणे शिकविले. मार्विन गे याच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर या वादकांची नावे प्रथमच छापली गेली. पुढच्याच वर्षी कंपनीने आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविले. दारावर लावलेल्या चिठ्ठीवरून ही वार्ता वादकांना कळली, असे सांगतात. जेमर्सन १९८३ साली वारला. मृत्यूपूर्वी काही दिवस त्याचे वाद्यही चोरीस गेले होते. आज ज्याच्यावर ग्रंथ लिहिले जातात, त्याला हयातीत सामान्य रसिक जवळजवळ ओळखतच नव्हते. कारखान्यांच्या त्या गावात संगीताचाही कारखानाच झाला होता, असे म्हटले तर ते फारसे कठोर होणार नाही.

‘फंक’ हे जे संगीत पुढे रूढ झाले, त्याचा मुख्य शिल्पकार मात्र जेम्स ब्राउन. चार मात्रांच्या आवर्तनातील दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर देण्याचा परिपाठ मागे सारून त्याने पहिल्या मात्रेवर सारा भार टाकला. आपल्याकडील श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ही समच होय. फरक इतकाच की, येथे समेवर गायकच नव्हे, तर ढोल, गिटार, तुताऱ्या असा सारा मेळा एकाच क्षणी येऊन आदळतो आणि मधल्या जागा मोकळ्या ठेवतो. १९६५ ते १९६७ या काळात हे स्वरूप सिद्ध झाले.

त्या आधीची एक घटना आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. रंगमंचावरील आपला कार्यक्रम प्रेक्षकांच्या आरोळ्यांसह मुद्रित व्हावा अशी ब्राउनची इच्छा होती. कंपनीचा मालक सिड नेथन याला हा खर्च वाया जाणारा वाटला. तेव्हा ब्राउनने स्वतःचे पैसे घातले आणि २४ ऑक्टोबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या अपोलो नाट्यगृहात ते मुद्रण घडवून आणले. १९६३ साली प्रसिद्ध झालेली ती मुद्रिका ‘बिलबोर्ड’च्या यादीत ६६ आठवडे टिकली आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. प्रत्यक्ष प्रयोग हीच कलावंताची खरी मालमत्ता आहे, ही गोष्ट पदरचे पैसे खर्चून सिद्ध करावी लागली.

यानंतर फंक आणि रॉक यांचा संगम झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या वृंदात गोरे व कृष्णवर्णीय, स्त्रिया व पुरुष एकत्र वाजवीत. त्या काळच्या अमेरिकेत ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यांचा लॅरी ग्रॅहम पूर्वी आपल्या आईबरोबर वाजवीत असे. त्यांच्या मेळात ढोलकरी उरला नाही, म्हणून तो अंगठ्याने तारांवर आघात करून ढोलाची उणीव भरून काढू लागला. या अडचणीतून बेस वाजविण्याची एक नवी पद्धतच जन्मास आली. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या मेळाव्यात या वृंदाने पहाटेपूर्वी विशाल समुदायाला जागे करून नाचविले. डेट्रॉइटमध्येच जॉर्ज क्लिंटन याचा ‘फंकाडेलिक’ हा वृंद उदयास आला. १९७६ नंतर त्याच्या कार्यक्रमांत रंगमंचावर एक प्रचंड अंतराळयान उतरू लागले. तो थाट वेगळाच.

आता ॲन आर्बरकडे वळू. २०११ साली मिशिगन विद्यापीठात संगीत शिकलेल्या जॅक स्ट्रॅटन, थिओ कॅट्झमन, वुडी गॉस आणि जो डार्ट या चौघांनी ‘वुल्फपेक’ हा वृंद स्थापिला. गायकामागे साथ करणारा जुन्या धर्तीचा वादकसंच आपण व्हावे, आदर्श ‘फंक ब्रदर्स’चा असावा, ही मूळ कल्पना. मात्र कंपनीची चाकरी त्यांनी पत्करली नाही. मुद्रिकांचे हक्क त्यांनी स्वतःपाशी ठेविले.

मार्च २०१४ मध्ये त्यांनी ‘स्लीपिफाय’ नावाचा दहा गीतांचा संग्रह ‘स्पॉटिफाय’ या संगीत ऐकविणाऱ्या सेवेवर ठेविला. प्रत्येक गीत अर्ध्या मिनिटाहून किंचित मोठे, आणि पूर्णपणे निःशब्द. ३० सेकंद ऐकले की मानधन देय होते, असा त्या सेवेचा नियम होता. रसिकांनी निजताना हा संग्रह रात्रभर चालू ठेवावा आणि जमलेल्या रकमेतून विनामूल्य कार्यक्रम व्हावेत, अशी ही योजना होती. नियमाचे अक्षर इतके काटेकोरपणे पाळल्याबद्दल एखाद्या मुरलेल्या हिशेबनिसानेही त्यांची पाठ थोपटली असती. एप्रिलमध्ये कंपनीने तो संग्रह काढून टाकला. तोवर सुमारे २०,००० डॉलर जमले होते. त्याच वर्षी शब्द पाळून काही शहरांत प्रवेशमूल्याविना कार्यक्रम झाले.

हे चातुर्य गमतीचे खरे. पण एक प्रश्न उरतोच. कृष्णवर्णीयांच्या कष्टातून निर्माण झालेले संगीत, आणि ते वाजविणारे हे मुख्यतः गोरे, विद्यापीठात शिकलेले तरुण. या वारशाचा हिशेब त्यांनी कसा केला? १९७०च्या दशकात अनेकांच्या गाण्यांमागे साथ करणारे ज्येष्ठ वादक जेम्स गॅडसन व डेव्हिड टी. वॉकर यांना त्यांनी २०१७ च्या ‘मिस्टर फिनिश लाइन’ या संग्रहासाठी पाचारण केले आणि त्यांची नावे गीताच्या शीर्षकातच घातली. पूर्ण फेड याने होत नाही. तथापि, डेट्रॉइटच्या वादकांना ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले, ते येथे पहिल्याच ओळीत मिळाले.

या वृंदाचे प्रयोग पाहण्यासारखे असतात. एका गीतात ढोल वाजविणारा दुसऱ्यात गिटार घेतो, तिसऱ्यात कोणी प्रेक्षकांना गटांत विभागून स्वर शिकवितो. डार्ट मात्र काळा चष्मा लावून मान हलवीत आपल्या बेसपाशी असतो. २८ सप्टेंबर २०१९ रोजी व्यवस्थापक नाही, मोठी ध्वनिमुद्रिका कंपनी पाठीशी नाही, अशा स्थितीत त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनची सारी तिकिटे खपविली. तो कार्यक्रम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला. त्यात ‘डीन टाऊन’ ही रचना आहे. तिला शब्द नाहीत. तिचा मुख्य भाग बेस गिटारवरील एक वेगवान, वळणावळणाची ओळ आहे. डार्टने ती सुरू करताच हजारो श्रोते ती ओळ सुरात, एकही वळण न चुकविता, त्याच्याबरोबर गाऊ लागले.