मोबाइल ॲप सुरक्षा

मोबाइल ॲप सुरक्षा म्हणजे ॲपमध्ये साठवलेली, त्यातून पाठवली जाणारी आणि सर्व्हरवर ठेवलेली माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती पडू नये यासाठी योजलेले उपाय होत. ॲपचे अंतर्गत कार्य सामान्य ग्राहकाला तपासता येत नाही. त्यामुळे या सुरक्षेची मुख्य जबाबदारी ॲप तयार करणाऱ्या व चालवणाऱ्या विकसकावर येते.

ग्राहकांच्या अपेक्षा

ॲपने कामापुरतीच परवानगी मागावी, माहिती सुरक्षित मार्गाने पाठवावी, दोष आढळल्यास तो लवकर दुरुस्त करावा आणि माहिती फुटल्यास तसे कळवावे, अशा ग्राहकांच्या प्रमुख अपेक्षा असतात. अँड्रॉइड ६.० (२०१५) पासून कॅमेरा, स्थान, संपर्कयादी इत्यादींची परवानगी ॲप बसवताना एकदम न घेता वापराच्या वेळी स्वतंत्रपणे विचारण्याची पद्धत आली. ॲप कोणती माहिती गोळा करते याचा तपशील ॲपलच्या ॲप स्टोअरवर डिसेंबर २०२० पासून आणि गूगल प्लेवर २०२२ पासून दाखवला जातो. मात्र हा तपशील विकसक स्वतःच भरत असल्याने त्याची विश्वासार्हता विकसकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहते.

विकसकांच्या जबाबदाऱ्या

* आवश्यक तेवढीच माहिती गोळा करणे.
* माहिती कूटबद्ध करून पाठवणे आणि समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासणे.
* पासवर्ड व गुप्त कळा ॲपच्या कोडमध्ये न ठेवणे.
* इतरांकडून घेतलेले तयार कोड-संच तपासून वापरणे.
* सुरक्षा संशोधकांना दोष कळवण्यासाठी स्वतंत्र मार्ग उपलब्ध ठेवणे.

ओवास्प ही ना-नफा संस्था मोबाइल ॲपमधील दहा प्रमुख धोक्यांची यादी प्रसिद्ध करते. तिच्या २०२४ च्या यादीत ओळखपत्रांचा (पासवर्ड, कळा इ.) अयोग्य वापर पहिल्या आणि पुरवठा साखळीतील अपुरी सुरक्षा दुसऱ्या क्रमांकावर आहे.

फॅन्डँगो प्रकरण

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये चित्रपटांची तिकिटे विकणारी फॅन्डँगो आणि पतविषयक माहिती देणारी क्रेडिट कर्मा या कंपन्यांवर कारवाई केली. आयओएस प्रणालीत मुळातच असलेली प्रमाणपत्र-तपासणी या कंपन्यांच्या ॲपमध्ये बंद ठेवण्यात आली होती, असा आयोगाचा आरोप होता. या तपासणीशिवाय सार्वजनिक वाय-फायवर मध्येच बसलेली व्यक्ती स्वतःला खरा सर्व्हर भासवून क्रेडिट कार्डाचा तपशील वाचू शकते. फॅन्डँगोच्या ॲपमध्ये हा दोष सुमारे चार वर्षे राहिला. दरम्यान ग्राहकांना माहिती सुरक्षित असल्याचे सांगितले जात होते. एका संशोधकाने दोष कळवला असता ग्राहकसेवा यंत्रणेने तो संदेश पासवर्ड बदलण्याची विनंती समजून निकाली काढला. तडजोडीनुसार दोन्ही कंपन्यांना सुरक्षा कार्यक्रम राबवणे आणि २० वर्षे दर दोन वर्षांनी स्वतंत्र तपासणी करून घेणे बंधनकारक झाले.

भारतातील स्थिती

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. कर्ज देणाऱ्या काही ॲपांनी कर्जदाराची संपर्कयादी मिळवून नातेवाईक व परिचितांना धमकावल्याच्या तक्रारी पुढे आल्या. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार अशा ॲपांना फोनमधील फाइली, संपर्कयादी व कॉलची नोंद पाहण्यास मनाई आहे. कॅमेरा, मायक्रोफोन किंवा स्थान यांचा वापर ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने, केवळ नोंदणी व ओळख पडताळणीसाठी एकदाच करता येतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडे सोपवली असली तरी कायद्याच्या पालनाची जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. माहिती फुटल्यास ती बाब संबंधित मंडळाला आणि बाधित व्यक्तींना कळवणेही या कायद्याने आवश्यक ठरवले आहे.

मर्यादा

अधिकृत स्टोअरमधूनच ॲप घेणे, ते अद्ययावत ठेवणे आणि अनावश्यक परवानग्या नाकारणे ही काळजी ग्राहक घेऊ शकतो. तथापि फॅन्डँगोसारख्या प्रकरणातील दोष पडद्यावर दिसत नाही. अशा दोषांपासून ग्राहकाचे रक्षण विकसकाची दक्षता, स्वतंत्र तपासणी आणि कायद्याची अंमलबजावणी यांवर अवलंबून असते.