नाळेतला बॅकअप

बाळाच्या नाळेतलं रक्त म्हणजे 'त्याचा आयुष्यभराचा विमा' अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

ऑक्टोबर १९८८, पॅरिस. डॉ. एलियान ग्लुकमान यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या एका मुलाला नाळेतलं रक्त दिलं. जगातला हा पहिलाच यशस्वी प्रयोग. रक्त कुणाचं? त्याच्या नवजात बहिणीचं! त्याचं स्वतःचं चाललंच नसतं, कारण त्यातही तोच जनुकीय दोष.

आमच्या भंडाऱ्यात हे कळायलाच हवं, कारण पूर्व विदर्भात सिकलसेल खूप. अमेरिकेत मेम्फिसला ल्युकेमियासाठी एका मुलीला दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली, तर तिचा सिकलसेलही गेला. हे १९८४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे दाता दुसरा हवा. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के.

सिकलसेलच्या बाळाचं रक्त त्याच्याचसाठी ठेवणं म्हणजे बग असलेल्या कोडचाच बॅकअप! पण थोरल्याला सिकलसेल असेल आणि घरात दुसरं बाळ येणार असेल, तर ती नाळ फेकण्याआधी, खरं तर बाळंतपणाच्या बऱ्याच आधी, डॉक्टरांना जरूर विचारा. आणि लग्नाआधी दोघांची सिकलसेल तपासणी? ती तर पत्रिकेच्याही आधी!