घसारा

बी. कॉम. झालेल्या माणसाच्या आयुष्यात प्रेम, नोकरी आणि टक्कल यांच्याही आधी जर काही येत असेल, तर तो घसारा. यंत्र विकत घेतलं की दरवर्षी त्याच्या किमतीतून ठरावीक टक्के वजा करायचे, याला घसारा म्हणतात. यंत्र खरोखरच घासलं गेलं आहे की नाही हे बघायला कुणी जात नाही. आमच्या शाखेतलं एक लोखंडी कपाट वहीमध्ये कधीच एक रुपयाचं होऊन बसलं आहे. प्रत्यक्षात ते अजून चार शिपायांना हलत नाही.

वहीतला घसारा असा न बघता धरायचा असतो. पण मोबाइल फोन आल्यापासून एक दुसराच घसारा जन्माला आला. हा बघून धरतात. फोन उत्तम बोलतो, ऐकतो, फोटो काढतो, लाइटबिल भरतो. पण कोपऱ्याचा एवढासा टवका उडालेला दिसला की घेणाऱ्याचं तोंड वाकडं होतं आणि किंमत खाली येते. या दुसऱ्या घसाऱ्याचा इतिहास फार जुना नाही. तरी त्यात जयपराजय आहेत, दिवाळखोरी आहे आणि काही प्रमाणात रत्नशास्त्रही आहे. इतिहासाला आणखी काय लागतं?

मुळात आपल्या लोकांना वस्तूच्या जखमांचं भय कधीच नव्हतं. नाहीतर मराठीत त्यांच्यासाठी इतके शब्द कशाला झाले असते? पातेल्याला पोचा येतो, कपाचा टवका उडतो, आरशाला तडा जातो, लाकडाचा कपचा निघतो, पितळेला चरा पडतो आणि मन असेल तर ओरखडा उठतो. कुठल्या वस्तूला काय होणार हे घरात सर्वांना ठाऊक असे आणि ते झाल्यावर वस्तू टाकायची नाही हेही ठाऊक असे. पोचा आलेलं पातेलं दुधाकडून कणकेकडे जाई, एवढाच काय तो बदलीचा हुकूम.

मोबाइलचा सुरुवातीचा काळ याच परंपरेतला. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. त्या फोनचं वजन किलोभर होतं. असला फोन हातातून पडला तर काळजी फोनची नव्हे, पायाची करायची. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना मोबाइलवरून फोन लावला आणि हे युग सुरू झालं. पुढे काही वर्षं आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. त्यामुळे फोन वाजला की लोकांचा जीव बिलाकडे लागे, फोनच्या कांतीकडे बघायला फुरसत नसे.

हे प्लास्टिकयुग. १९९८ साली नोकियाने ५११० नावाचा फोन काढला. त्याचं समोरचं कव्हर नखाने काढून दुसऱ्या रंगाचं बसवता येई. चरे पडले? उशीचा अभ्रा बदलावा तसं कव्हर बदला. २००० साली ३३१० आला. त्याचे जवळपास बारा-साडेबारा कोटी नग खपले आणि पुढे तो न फुटण्याबद्दल दंतकथा होऊन बसला. २००३ साली विजेरीवाला ११०० आला; तो तर जगभर सुमारे २५ कोटी खपला. आपल्याकडे तो पानाच्या गादीपासून पोलीसपाटलापर्यंत सर्वांच्या खिशात होता. किल्ल्या, सुटे पैसे, तंबाखूची डबी आणि फोन यांचं एकत्र कुटुंब एकाच खिशात सुखाने नांदत असे. एकत्र कुटुंबात भांड्याला भांडं लागतंच. त्याचा कुणी बोभाटा करत नसे.

या सुखी संसारात पहिली ठिणगी पडली ती फोनमुळे नव्हे, गाण्याच्या डबीमुळे. २००५ साली ॲपलने आयपॉड नॅनो काढला. सुबक, गुळगुळीत, आणि चरे झटपट पडणारा. अमेरिकन माणूस चऱ्याला कंटाळून वस्तू कणकेकडे पाठवत नाही, कोर्टात पाठवतो. दावा झाला आणि २००९ मध्ये कंपनीने दोन कोटी पंचवीस लाख डॉलरची तडजोड केली. चऱ्याला डॉलरमध्ये भाव आला तो असा.

मधल्या काळात जानेवारी २००७ उजाडला. स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन व्यासपीठावरून जगाला दाखवला तेव्हा त्याचा पडदा प्लास्टिकचा होता. तो त्यांनी खिशात वागवून बघितला, तर किल्ल्यांनी त्यावर चरे पडले. हाच प्रकार आपल्याकडे घडता तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘किल्ल्या दुसऱ्या खिशात ठेवायला काय होतं रे तुला?’ असं विचारून प्रश्न निकालात काढला असता. जॉब्ज यांना असं विचारणारं कुणी नसावं. त्यांनी पडदा काचेचा हवा असा हट्ट धरला आणि जूनअखेर फोन दुकानात आला तो काचेचा होऊन.

ही काच कॉर्निंग या अमेरिकन कंपनीची. या कंपनीने १९६० च्या दशकातच एक कणखर काच करून ठेवली होती. पण गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे ती विद्या बासनात गुंडाळून पडली होती. ती सोडवून, केंटकी राज्यातल्या हॅरॉड्सबर्गच्या कारखान्यात काही महिन्यांत नवी काच निघाली. तिचं नाव पुढे गोरिला ग्लास झालं. तिची कृती लोकलने प्रवास करणाऱ्याला चटकन कळेल. साधी काच पोटॅशियमच्या वितळलेल्या, सुमारे ४०० अंशांच्या क्षारात बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे कण सडपातळ; ते उठून बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे अंगाने भरलेले कण येऊन बसतात. म्हणजे तिघांच्या बाकावरून तीन किडकिडीत कारकून दादरला उतरले आणि तीन पैलवान चढले. आता त्या बाकावर कुणाला हलायला जागा नाही, की मध्ये फट पडायची सोय नाही. सगळे एकमेकांना दाबून धरतात, आणि या दाबामुळेच काच सहजासहजी तडकत नाही.

तडकत नाही हे खरं, पण चरे? इथे फ्रिडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाला साक्षीला बोलावलं पाहिजे. त्याने १८१२ मध्ये खनिजांची कठीणपणाची उतरंड लावली. सर्वांत मऊ शंखजिऱ्याला एक, हिऱ्याला दहा. नियम एकच : वरच्या नंबरचा खालच्याला ओरबाडतो. (कचेरीत नोकरी करणाऱ्याला हा शोध नवा वाटणार नाही.) पितळेची किल्ली या उतरंडीत तीनच्या आसपास आणि फोनची काच साधारण सहाच्या पुढेमागे. म्हणजे ज्या किल्लीपायी एवढं रामायण घडलं, ती आता काचेचं काही वाकडं करू शकत नाही. करतो तो वाळूचा कण. वाळूतला गारगोटीचा कण सातवर बसतो. तेव्हा चौपाटीवर भेळ खाऊन, हात झटकून जो माणूस फोन खिशात टाकतो आणि घरी येऊन किल्ल्यांना शिव्या देतो, त्याने आरोपी चुकीचा धरलेला असतो.

चरा म्हणजे नुसता रुसवाफुगवा आहे असंही समजू नका. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ मध्ये दाखवून दिलं की काच फुटते ती तिच्या अंगावरच्या बारीक चिरांपासून. ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथून तडा धावत सुटतो. कर्जबुडव्याचंही असंच असतं; पहिला हप्ता चुकतो तो अगदी बारीक दिसतो.

आता चरा पडूच नये, यासाठी माणसाने काय केलं नाही? एलजी कंपनीने २०१३ मध्ये जी फ्लेक्स नावाचा फोन काढला. त्याच्या पाठीवरचे किरकोळ चरे आपोआप भरून येत. त्याच वर्षी ॲपलने पडद्याच्या काचेऐवजी थेट नीलमाचा विचार चालवला असावा असं जगाला वाटलं, कारण कृत्रिम नीलम तयार करण्यासाठी जीटी ॲडव्हान्स्ड नावाच्या कंपनीशी तिने करार केला आणि ५७ कोटी ८० लाख डॉलर आगाऊ द्यायचं ठरवलं. नीलम मोसच्या उतरंडीत नऊवर. वर फक्त हिरा. कल्पना झकास होती. परंतु नीलम अंगाला लावण्यापूर्वी पत्रिका दाखवावी, तो सर्वांनाच मानवत नाही, हे आपल्याकडे कुठल्याही सराफाने सांगितलं असतं. मनासारखा नीलम निघेना, शेवटचा हप्ता अडकला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये जीटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वर्षीचा आयफोन काचेचाच आला. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला आगाऊ रक्कम आणि दिवाळखोरी यांमधलं अंतर किती कमी असतं हे ठाऊक असतं. पण त्याला शनीच जबाबदार होता असं उघड दिसणारं हे माझ्या माहितीतलं एकमेव प्रकरण.

काचेचं एक झालं, अंगाचं काय? २०१२ मध्ये काळ्या ॲल्युमिनियमचा आयफोन ५ निघाला. त्याच्या कडेचा काळा रंग खरवडून आतली चांदी दिसू लागली म्हणून ओरड झाली. तेव्हा कंपनीचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी एका ग्राहकाला कळवलं की, ॲल्युमिनियमच्या कुठल्याही वस्तूचं वापराने असं होऊ शकतं, हे स्वाभाविक आहे. लक्ष्मी रोडवर ‘धुतल्यावर रंग जायचाच की हो, ताई!’ असं म्हणतात, ते हेच. २०१६ साली आयफोन ७ चा एक काळाभोर, आरशासारखा प्रकार निघाला. त्याच्या जाहिरातीसोबत कंपनीने स्वतःच बारीक अक्षरांत सूचना दिली, की वापराने या चकाकीवर सूक्ष्म चरे दिसू शकतील. चिंता वाटत असल्यास कव्हर घालावं. म्हणजे रंगासाठी पैसे मोजायचे आणि तो रंग दिसू नये म्हणून पुन्हा पैसे मोजायचे.

यात हसण्यासारखं काय आहे? रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालणारे, सुटकेसला खाकी झूल शिवणारे आणि सोफ्यावर चादर टाकून त्या चादरीवर पाहुण्यांना बसवणारे आपण. काचेवर दुसरी काच चिकटवायची, पाठीला रबरी बंडी घालायची, हे आपल्याला शिकवावं लागलं नाही. माझ्या पुतण्याने दोन वर्षं फोन असाच वागवला. त्या फोनचा मूळ रंग निळा होता हे मला तो विकायच्या दिवशी कळलं. मी म्हटलं, “अरे, मग हा निळा रंग बघितला कुणी?” तो म्हणाला, “काका, रिसेल व्हॅल्यू असते.” तरीही घेणाऱ्याने दिव्याखाली धरून, तिरका करून, कॅमेऱ्याच्या कडेला एक केसाएवढी रेघ शोधलीच आणि हजार रुपये कापले.

मला आमच्या काउंटरची आठवण झाली. तिथे माणसं कसल्या कसल्या नोटा आणतात! घामाने भिजलेल्या, उंदराने कुरतडलेल्या, पाटलोणीसकट धुतलेल्या. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की पन्नास रुपयांची किंवा त्याहून मोठी नोट फाटली तर तिचा सर्वांत मोठा तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असल्यास पूर्ण पैसे द्यायचे, ४० ते ८० टक्के असल्यास अर्धे. नुसती मळलेली, चुरगळलेली, चरे पडलेली असेल तर एक पैसाही कापायचा नाही. कागदाच्या तुकड्याला जी माया मिळते ती लाखभर रुपयांच्या यंत्राला मिळत नाही. याचं कारण मी पुष्कळ दिवस शोधत होतो, आणि ते पुतण्याच्या त्या दोन शब्दांत सापडलं. नोट जो वापरतो त्याची असते. फोन आपण पुढच्या मालकासाठी सांभाळतो. पैसे आपण भरतो, हप्ते आपण फेडतो, आणि दोन वर्षं हात जपून वागतो ते कुणा अनोळखी माणसाला तो नवा वाटावा म्हणून. स्वतःच्या घरात भाडेकरू होऊन राहण्याचाच हा प्रकार.

आमच्या घरी पितळेचा एक डबा आहे. त्यावर आजीचं नाव, गावाचं नाव आणि साल असं सगळं घालून घेतलेलं आहे. भांड्याच्या दुकानात टर्रर्र आवाज करणाऱ्या सुईने ते घालत, आणि लोक त्यासाठी अक्षरांमागे पैसे देत. नीट बघितलं तर ते काय आहे? चरेच की! पैसे देऊन पाडून घेतलेले. हेतू एकच, की वस्तू परक्याची होऊ नये.

वडिलांचा जुना बटणांचा फोन त्याच डब्यात ठेवलेला आहे. ते गेले त्या वर्षी एका एक्स्चेंज योजनेत त्याचे मला दोनशे रुपये सांगितले होते. त्याच्या सगळ्या कळांवरचे आकडे धड आहेत, फक्त २ चा आकडा घासून पूर्ण गेलेला आहे. ती कळ दाबून धरली की फोन आमच्या घरी लागत असे. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी वडील मंडईतून तो लावत आणि आईला विचारत, “आणखी काही आणायचं का?” आई रोज नाही म्हणे.

घसारा नावे टाकावा, असं आमचं शास्त्र सांगतं. हा तेवढा मी जमेला धरला आहे.