विश्लेषण : पृथ्वीवर आदळणारा छोटा लघुग्रह काही तास आधी कसा सापडतो?

२१ जानेवारी २०२४ च्या मध्यरात्रीनंतर बर्लिनजवळ आकाशात आगीचा गोळा दिसला. तो १ मीटरपेक्षाही लहान लघुग्रह होता. हंगेरीचे खगोलशास्त्रज्ञ क्रिस्टियान सार्नेत्स्की यांनी सुमारे ३ तास आधीच तो शोधला होता. त्यामुळे तो कुठे आणि कधी दिसेल, हे लोकांना आधीच कळलं. पुढे त्याचे तुकडे, म्हणजेच अशनी, रिबेक गावाजवळ सापडले.

शोध कसा लागतो?
दुर्बिणी आकाशाच्या एकाच भागाचे काही मिनिटांच्या अंतराने फोटो काढतात. तारे जागच्या जागी असतात. सरकणारा ठिपका लघुग्रह असू शकतो. त्याची नोंद अमेरिकेतील 'मायनर प्लॅनेट सेंटर'कडे जाते. नासाची 'स्काउट' ही संगणक प्रणाली धडकेची शक्यता तपासते. इतर वेधशाळांची निरीक्षणं येत जातात, तसा धडकेच्या जागेचा अंदाज नेमका होतो.

आतापर्यंत किती सापडले?
पहिला २००८ मध्ये. '२००८ टीसी३' हा सुमारे ४ मीटरचा लघुग्रह अ‍ॅरिझोनातील दुर्बिणीला दिसला आणि सुमारे २० तासांत सुदानच्या वाळवंटावर फुटला. २०२४ अखेरपर्यंत धडकेआधी सापडलेल्यांची संख्या ११ झाली.

इतक्या उशिरा का?
लघुग्रह स्वतः प्रकाशत नाहीत, सूर्याचा प्रकाश परावर्तित करतात. आकार लहान असेल, तर अगदी जवळ आल्यावरच ते दिसतात. सूर्याच्या दिशेने येणारे तर जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसतच नाहीत.

काही तासांचा उपयोग काय?
१५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा लघुग्रह फुटला. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कुणालाच दिसला नाही. लखलखाट पाहून अनेक जण खिडकीशी गेले. थोड्याच वेळात हवेच्या दाबाची लाट आली आणि काचा फुटल्या. सुमारे १,५०० लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांमुळे.

काही तासांत लघुग्रहाची दिशा बदलता येत नाही. पण 'खिडकीपासून दूर राहा' एवढा निरोप पोहोचवायला तेवढा वेळ पुरतो.

पुढे काय?
नासाची 'निओ सर्व्हेयर' ही अवकाश दुर्बीण २०२७ मध्ये सोडण्याचं नियोजन आहे. लघुग्रहांची उष्णता टिपणारी ही दुर्बीण सूर्याच्या बाजूचं बरंच आकाशही तपासू शकेल.

तोवर एक गोष्ट लक्षात ठेवा : आकाशात अचानक प्रखर उजेड दिसला, तर व्हिडिओ काढायला खिडकीकडे धावू नका. आधी काचेपासून लांब व्हा.